सर्वसाधारण रहिवासी

घर क्रमांक एक. कुलूप.
दोन. कुलूप, पण अंगण सारवलेलं.
शेजारीण सारवते, विरारहून
तिच्या मोबाइलवर महिन्याला पाचशे येतात.
तीन. कुलूपही नाही, कडीला काथ्याची दोरी.
मी लिहिते : रिकामे.
लिहिताना पेन अडखळतं,
आत घड्याळ चालू आहे.

खाजणवेळ, तालुका देवगड, गट क्रमांक अडतीस.
माझ्या शाळेच्या पटावर सात मुलं,
म्हणून मी माणसं मोजायला मोकळी
असं तहसील कार्यालयाचं मत.
पुस्तिकेत व्याख्या दिली आहे :
सहा महिने जो इथे राहिला, किंवा राहणार,
तो सर्वसाधारण रहिवासी.

शेवंती कोयंडे व्याख्येला दारातच अडवते.
"झिलाचा नाव घाल गो बाय."
रवता खय?
"मुंबैत. पण खोली भाड्याची ती. घर हय आसा."
मग नाय घालूक येणा.
"मगे फळीवरची पाच ताटा कोणाची?"
ताटांना रकाना नाही. मी एक लिहिते.

व्यवसाय?
"काय नाय. घरातच असतंय."
मागे पडवीत रातांब्याची सोलं मिठात,
जेटीवर तिचे बांगडे वाळताहेत,
बोटं काजूच्या डिंकाने काळी, किलोच्या भावाने.
बिनकामाची कशी लिहू?
सीमांत काम करणारी, असं एक घर सापडतं.
सीमांत. शब्द बरा आहे,
त्यातून निदान समुद्र दिसतो.

जुलेखा सोलकर यांच्याकडे खोल्या सात, न्हाणीघरं चार.
नवरा कुवेतला, मुलगा दोह्याला,
सून मुलाजवळ, नातू फोनमध्ये.
टीव्ही : आहे. फ्रिज : आहे. वातानुकूलन यंत्र : दोन.
मोटार : आहे.
ती चालवणारा : असा प्रश्नच नाही.
चहा देताना त्या म्हणाल्या, जरा बसा,
अजून काही विचारायचं राहिलं असेल.
मी छतावरच्या पत्र्यांविषयी दुसऱ्यांदा विचारलं.

संध्याकाळी बेरीज मांडली :
हजार पुरुषांमागे बाराशे चाळीस बायका.
जिल्ह्याच्या बैठकीत टाळ्या पडतील,
आम्ही किती पुढारलेले.

मतदार यादीत मात्र सहाशे एकोणीस नावं
आणि चुली पेटतात त्या घरांत माणसं दोनशे सत्त्याऐंशी.
मतदानाच्या आदल्या रात्री तीन आरामगाड्या येतात,
गाव एकदम तरुण होतं,
चौकात कोंबडी शिजते, कोणाची ते विचारायचं नाही.
बोटावरची शाई वाळायच्या आत
परत म्हातारं.
आता म्हणे मतदारसंघ नव्याने आखणार,
आमच्यासारखी गावं वितळवून
एका आमदारापुरती ओतणार.
पोस्टातले धाकू तारी म्हणाले,
"आमका मोजून कमी करतत
की कमी झालंव म्हणान मोजतत?"
मी शिक्षिका आहे. मला उत्तर यायला हवं होतं.

शेवटचं घर म्हणजे घर नव्हे,
मापाऱ्यांच्या कलमांच्या बागेतली पत्र्याची खोपी.
टेकबहादूर, राखणदार, वय सव्वीस.
विष्णुमाया, वय बावीस.
वास्तव्य : आठ महिने.
पुस्तिका उघडून दोनदा पाहिलं,
हे बसतात. व्याख्येत अगदी नीट बसतात.
स्थलांतराचे कारण : काम.
मातृभाषा : रकान्यात मावेना, बारीक अक्षरात लिहिली.
आणि आंब्याच्या पेटीत, पेंढ्यावर, एकोणीस दिवसांची मुलगी.
नाव अजून ठेवलेलं नाही.
अंगाला तेलाचा वास. कोण लावतं?
"कोयंडेआजी. रोज येते."
शेवंतीचा हा धंदाही मघाशी लिहायचा राहिला.

वय : शून्य.
अडतिसाव्या गटात हा आकडा
मी दिवसभरात पहिल्यांदाच लिहिला.
सहा वर्षांनी पटावर आठवं नाव,
हंगाम संपला की ते निघून गेले नाहीत तर.
निघतीलच. पेट्या भरल्या की ट्रक येतो.
तरी आज मोजणी आहे आणि आज ती इथे आहे.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर.
कणकवलीला माझ्या घरीही
आज कुणीतरी गणक येऊन गेली असेल,
दोनदा कडी वाजवून.
तिने काय लिहिलं असेल.
खिडकीतून कातळ सरकत राहिला,
मी किल्ली चाचपून पाहिली.